धाकटीचा दात

मेडिकल कॉलेजच्या संग्रहालयात बरण्या पुसणाऱ्या मावशींची त्यांत जतन केलेल्या प्रत्येक गाठीशी ओळख होती. फुप्फुसाच्या कर्करोगाकडे त्या बघतसुद्धा नसत. गर्भाशयातली साधी गाठ मात्र मायेनं पुसायच्या.

शेवटच्या बरणीत त्यांचीच गाठ होती. सहा वर्षांपूर्वी अंडाशयातून काढलेली. तिच्यात केसांचा पुंजका आणि एक इवलासा दात.

"अशा गाठीत दात असतो कधी कधी. कर्करोग नाही, निर्धास्त राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून मावशी त्या गाठीला थट्टेनं 'आमची धाकटी' म्हणायच्या.

आज फडकं फिरवताना त्यांचा हात थबकला. दात सीलबंद बरणीच्या तळाशी पडला होता.

"कुणीतरी बरणी हलवली असणार," असं पुटपुटत त्यांनी चष्मा चढवला.

दाताच्या रिकाम्या जागी नव्या, मोठ्या दाताची पांढरी कड वर आली होती.