पाच वर्षांची केबल

"वहिनी, पैसे गटारातच टाकायचे असतील तर थेट टाका, माझ्या दुकानातून कशाला?" असं म्हणत मिस्त्रीने गिअरच्या केबलचं सीलबंद पाकीट पुन्हा खिळ्याला अडकवलं.

तिने ते काढून पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं.

"हीच बसवा."

नवऱ्याची सायकल स्टँडला टांगलेली होती. मागे मुलीसाठी छोटी बैठक. गिअरचा खटका दाबला की अर्ध्यावरच अडकत होता.

"साधी घाला, वर्षाने बदला. आजवर तुम्हीच बदलत आलात की. तुमच्याइतकी सुबक तार या रस्त्यावर कोणी कापत नाही. मीसुद्धा नाही, पण हे बाहेर बोलू नका."

एरवी ती हसली असती. दरवर्षी साधी केबल घेताना ती या महागड्या पाकिटाकडे बोट दाखवून विचारायची, "राजकन्येचं जमलं का कुठे?" चार वर्षं राजकन्या खिळ्यावरच होती.

"हिच्यात वेगळं काय?" आज तिने विचारलं.

"साधीची तार मध्येमध्ये उघडी असते. तिथून पाणी शिरतं, माती शिरते. हिला खटक्यापासून मागच्या चाकापर्यंत अखंड नळी. आत काही जात नाही."

"किती वर्षं चालेल?"

"कंपनी पाच म्हणते."

"तुम्ही किती म्हणता?"

"रोज चिखलातून दामटली तर चार."

"पाच हवीत."

मिस्त्रीने पाकीट हातात घेतलं. तो आकडा सगळ्या रस्त्याला पाठ होता. आठ महिन्यांपूर्वी या दोघांची पावाची व्हॅन वळणावर झाडूवाल्याच्या अंगावर गेली. तो जागीच संपला. तिच्या नवऱ्याने त्याच दिवशी गुन्हा कबूल केला. शिक्षा पाच वर्षं. हजर व्हायला आठ दिवस दिले होते, त्यातला उद्याचा शेवटचा.

"उद्या जायचंय ना?" त्याने हळूच विचारलं.

"जायचंय."

"मग स्पष्टच बोलतो. ही केबल रोज चालवणाऱ्यासाठी आहे. सायकल नुसती उभी राहणार असेल तर काय उपयोग? तो परत आला की मी नवी घालून देतो, माझ्यातर्फे."

"रोज चालवणाऱ्यासाठीच बसवा."

"म्हणजे पोरीला शाळेत तुम्ही सोडणार? त्या चढावरून?" त्याने तिच्याकडे पाहिलं, मग सीटकडे पाहिलं आणि पाना उचलला. "मग ही चांगली वीतभर खाली घ्यायला हवी. सीट बघितली की मला मालकाची उंची कळते, माणूस बघावा लागत नाही. हिच्यावरून तुमचे पाय पेडलला पोचायचे नाहीत."

"सीटला हात लावू नका!"

ती एवढ्या जोरात बोलली की समोरच्या दुकानातला न्हावी वाकून बघायला लागला. मिस्त्रीने पाना खाली ठेवला. आठवण म्हणून असेल, असं त्याला वाटलं.

त्याने जुनी केबल उपसली. गंजाचा लालसर चुरा फरशीवर सांडला. नवीन तार तो जपून सरकवत होता, वरचा थर कुठे सोलू नये म्हणून. शेवटी त्याने पक्कड तिच्या हातात दिली.

"कापा तुम्ही. एकदाच कापायची. आखूड झाली तर गेली."

तिने तार सरळ कापली.

"वकील तरी चांगला द्यायचा," मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाला. "धुकं होतं की. पेपरातल्या फोटोत दिसतंय. व्हॅनचं दार सताड उघडं, दिवा फुटलेला, मागे सगळं पांढरं."

"यांना कुणाकडे काही मागता येत नाही. भाजीत मीठ नसलं तरी तसेच जेवतात."

"मग कसं व्हायचं त्याचं?"

"तीच काळजी आहे," ती म्हणाली आणि तारेच्या टोकाला टोपी बसवली.

खटका दाबला. टक्. पुन्हा टक्. लोण्यातून सुरी जावी तसा गिअर फिरला.

घरी नवरा उंबऱ्यावर बसून मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता. दाराशी त्याची पिशवी भरून तयार होती.

"आता कशाला हा खर्च?"

"पाच वर्षं हात लावायचा नाही. फक्त शनिवारी चेन पुसायची."

"तू आहेस की."

तिने सायकल भिंतीला टेकवली.

"मुलीला आई लागते," तो पुढे म्हणाला. आठ महिन्यांत हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं होतं, आणि दर वेळी तिने त्याचं ऐकलं होतं.

"चढापर्यंत जाऊन या," ती म्हणाली. "तिसरा गिअर अडकतो का ते बघा."

मुलगी मागे बसली. कोपऱ्यावर वळताना तिने हात हलवला. ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत आई दारात उभी राहिली. मग आत जाऊन तिने नवऱ्याची पिशवी रिकामी केली, शर्ट घडी न मोडता कपाटात ठेवले, मिठाचा डबा ताटाच्या जागेजवळ आणून ठेवला. आपले दोन कपडे त्याच पिशवीत भरून ती बाहेर पडली.

पोलीस चौकीतल्या हवालदाराने तिला लगेच ओळखलं.

"बाई, त्यांना उद्या यायचंय. आज तुमचं काय काम?"

तिने पिशवी टेबलावर ठेवली.

"फायलीतला व्हॅनचा फोटो बाहेर काढा. सगळे फुटक्या दिव्याकडेच बघत बसलात. ड्रायव्हरची सीट कुठवर पुढे ओढलीय ते बघा, आणि सांगा, माझ्या सहा फुटी नवऱ्याचे गुडघे मावतील का तिथे?"