साहेबांच्या वजनाची वाळू

सस्पेन्शन निवडायला साहेबांनी माझे तीन रविवार घालवले. गाडी आठवडाभर झाकून ठेवायची, सुट्टीला ट्रॅकवर पळवायची आणि मधल्या वेळात गॅरेजमध्ये येऊन माझं डोकं खायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. स्प्रिंगा काढून दाखवून माझे हात भरून आले होते.

"साहेब, साधा सेट घ्या," मी चौथ्यांदा सांगितलं. "एकदा तुमच्या वजनाला बसवला की पुन्हा बघायला नको. ॲडजस्टेबल कशाला? ज्या गाडीचा ड्रायव्हर बदलतो, तिला तो लागतो. तुम्ही तर चावी वहिनींच्याही हाताला लागू देत नाही."

साहेब नुसते हसले.

सेटिंग करताना सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाची वाळू ठेवावी लागते. मागच्या वर्षी साहेब चौऱ्याऐंशी किलो भरले होते, म्हणून मी तेवढ्या पिशव्या आधीच रचून ठेवल्या होत्या. तरी रीत म्हणून त्यांना काट्यावर उभं केलं. काटा एकाहत्तरवर थांबला.

"डाएट भलतंच मानवलेलं दिसतंय!" असं म्हणत मी तेरा किलो वाळू सीटवरून खाली उतरवली. कंबर धरून वळलो, तर साहेब स्टुलावर बसले होते. काट्यापासून स्टुलापर्यंतच्या चार पावलांनी त्यांना धाप लागली होती.

"मिस्त्री, ॲडजस्टेबलच बसवा," ते म्हणाले. "आत्ता एकाहत्तरला लावा."



मी पान्हा उचलला, तेव्हा साहेब पुढे म्हणाले, "पुढच्या वर्षी बावन्नला लावायचा. माझ्या लेकीचं वजन तेवढं आहे."