हिरवी रेघ

"तुमच्या सासूबाईंना भ्रम झालाय," टॅबवरची लाल रेघ सुनेला दाखवत डॉक्टर म्हणाले. सासूबाईंच्या मनगटावरचा नवा पट्टा हातांच्या हालचालींवरून भ्रम ओळखत असे. "सकाळपासून बोटं चोळतायत, हवेत काहीतरी ओढतायत. तूर्त डिस्चार्ज रद्द."

"अहो, त्या वाती वळतायत! लाख वातींचा नेम आहे त्यांचा."

खाटेवर मांडी घालून बसलेल्या परचुरे आजींनी ताजी वात वर धरली. "सिस्टरकडून मागून घेतलाय हो कापूस, चोरलेला नाही. आणि मला सगळं कळतंय. आज गुरुवार आहे, अन् तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीयेत."

डॉक्टरांनी बटणांकडे पाहिलंही नाही. "आजी, या यंत्राला हजारो पेशंटांचा अनुभव आहे."

"त्यातल्या किती जणी वाती वळत होत्या?"

"भ्रमात माणूस वाद घालतो," डॉक्टर सुनेला समजावत म्हणाले. "संध्याकाळपर्यंत रेघ हिरवी झाली तर घरी न्या. नाहीतर झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल."

त्यांची पाठ वळताच आजींनी पट्टा सोडला, खाटेच्या लोखंडी दांडीला घट्ट बांधला आणि पुढची वात वळायला घेतली.

संध्याकाळी सून वॉर्डाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. डॉक्टर खुर्चीतूनच टॅब न्याहाळत होते. रेघ हिरवीगार होती.

"वा! दुपारपासून बोटसुद्धा हललेलं नाही," डिस्चार्जच्या कागदावर सही करत ते म्हणाले. "सगळे पेशंट असे असते तर!"