तापाचा पहिला दिवस

तापाच्या वॉर्डात नऊ नंबरच्या रोग्याच्या बायकोनं पिशवी भरायला घेतली होती. नवऱ्याचा ताप सकाळीच उतरला होता. तो उठून बसला होता आणि दाढीचं सामान मागत होता.

"पिशवी खाली ठेवा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ताप उतरला म्हणून इथून कुणी घरी जात नाही. उलट आजच नीट बघायचं."

"पण आज तिसराच दिवस आहे ना त्यांचा?"

"काल तुम्ही त्यांना घेऊन आलात. म्हणालात, आदल्या दिवसापासून ताप आहे. मी तेव्हाच दोन दिवस वाढवून लिहिले. माझ्या हिशेबानं आज पाचवा."

बाई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "रजा मिळत नव्हती त्यांना," ती शेवटी म्हणाली. "दोन दिवस गोळ्या घेऊन अंगावर काढलं."

"सगळेच काढतात," सिस्टर म्हणाल्या आणि दहा नंबरकडे वळल्या.

त्या काळी डेंग्यूचं रक्त तपासायला मोठ्या शहरात जायचं. रिपोर्ट यायला चार दिवस लागत. तोवर रोगी एकतर बरा झालेला असे, नाहीतर रिपोर्टचा उपयोग उरलेला नसे. म्हणून तापाच्या वॉर्डात सिस्टरांचे तीन प्रश्न चालत. ताप नेमका कधी आला? पोट दुखतं का? शेवटची लघवी कधी झाली? चौथ्या-पाचव्या दिवशी ताप निवतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमकं तेव्हाच काहींच्या रक्तातलं पाणी आतल्या आत झिरपायला लागतं. हातपाय गार पडतात. माणूस बोलत असतो, हसत असतो, आणि बघता बघता हातचा जातो. म्हणून वॉर्डात नियमच होता : ताप चढला की डॉक्टरांना सांगा, उतरला की मोठ्या सिस्टरांना. आणि कुणी 'कालपासून' म्हणालं की दोन दिवस वाढवून लिहा. कुणी कामासाठी लपवतं, कुणी घरचे घाबरतील म्हणून. काही जण तर स्वतःपासूनच लपवतात.

हे सगळं वॉर्डातल्या मावशींना पाठ होतं. त्यांचं काम प्रत्येक खाटेखालचं लघवीचं भांडं मोजायचं आणि फळ्यावर खडूनं रेघा ओढायच्या. भरलेल्या भांड्याला मोठी रेघ, थोडीच झाली तर टिंब. बारा वर्षं त्या हेच करत होत्या. वॉर्डाच्या सगळ्या किल्ल्याही त्यांच्याच कमरेला असत. त्यात नर्सांच्या बाथरूमची एक.

दुपारचे दोन वाजले होते. दोन नर्सा याच तापानं घरी पडलेल्या, खाटा अठ्ठावीस आणि रोगी चाळीस. सिस्टर खुर्चीत बसून तक्ते भरत होत्या. आज बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा होता. नऊ नंबरच्या बाईला त्यांनी स्वतःचा चहासुद्धा देऊन टाकला होता.

मावशी टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं? कुणाचं टिंब आलं?"

"तुम्ही सकाळी सातपासून किल्ली मागितली नाहीत."

"वेळ कुठाय मरायला."

"रोज दोनदा तरी मागता. कालही एकदाच मागितलीत."

"आता माझ्याही रेघा ओढता का मावशी?" सिस्टर हसल्या. "मला काही होत नाही. मला चावला तर डासच अॅडमिट करावा लागेल."

 मावशींनी सिस्टरांचा हात उचलला. लेखणीसकट. मग त्यांनी तो गार हात खाली ठेवला आणि चपला फटफट वाजवत डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

डॉक्टर तरुण होते, दोन वर्षांपूर्वी आलेले. याच वॉर्डात, याच सिस्टरांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी कपाळावर हात ठेवला. "ताप तर नाहीये."

"तेच सांगतेय मी त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "कसर होती जराशी. आता गेली. आज तर एकदम हलकं वाटतंय."

"कधीपासून होती?"

"कालपासून."

"म्हणजे दुसराच दिवस. दमणूक असेल." डॉक्टरांनी खिशाला पेन लावलं. "घरी जाऊन झोपा सिस्टर. उद्या सकाळी रक्त पाठवू."

सिस्टरांचं घर म्हणजे इस्पितळामागची एक खोली. त्या एकट्या राहत. आतून कडी घातली की सकाळी दूधवाल्याखेरीज कुणी दार वाजवत नसे. त्यांनी तक्ते एकावर एक ठेवले, टेबलाला धरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. एक हात नकळत पोटावर गेला.

मावशी डॉक्टरांसमोर कधी बोलत नसत. विचारलं तर आकडा सांगत, तेवढंच. आज त्यांनी टेबलावरचा कोरा तक्ता उचलला आणि डॉक्टरांपुढे धरला.

"दोन दिवस वाढवून लिहा, डॉक्टर."

डॉक्टरांनी मावशींकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. नऊ नंबरची बाई चहाचा कप हातात धरून बघत होती. सिस्टरांची नजर कपावरून तिच्या नवऱ्याच्या खाटेकडे गेली, पायथ्याशी अडकवलेल्या त्याच्या तक्त्यावर. पहिल्या ओळीत त्यांचंच अक्षर होतं.

डॉक्टरांनी खिशातलं पेन पुन्हा काढलं.

"दोन नको," सिस्टर हळूच म्हणाल्या. "तीन वाढवा."