निरोगी बाटली

दोन्ही बाटल्यांत सगळं निळं होतं.

"मेल्या?" विदेद मॅडमनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

सिवारने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. मेलेल्या पेशी निळा रंग पितात, जिवंत पेशी त्याला आत शिरू देत नाहीत. रुग्णाच्या बाटलीत निळं दिसायलाच हवं होतं. निरोगी बाटलीत नको होतं.

"दोन्हीकडच्या," ती म्हणाली.

"निरोगी बाटलीत काय ओतलंस? हरिसाची चटणी?"

पलीकडे दुसरा इंटर्न, फेदी, खाली मान घालून हसला. मॅडमनी स्वतः वाकून पाहिलं.

"हात जड आहे तुझा. पेशी आहेत त्या, ऑलिव्ह नाहीत दाबून तेल काढायला. पुन्हा."

पुन्हा.

प्रयोग सोपा होता, हेच मनाला जास्त लागायचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. त्यांची रोजची साखर काढून घ्यायची, पचायला जड अशी दुसरी द्यायची. निरोगी पेशी तिच्यावर सकाळपर्यंत तग धरतात. या आजाराच्या धरत नाहीत. आजार नसांचा. पंचविशीनंतर केव्हातरी चाल अडखळते, मग काठी, मग खुर्ची. तोवर माणूस जिने उड्या मारत चढतो.

रुग्णाचं रक्त गुरुवारी यायचं. निरोगी रक्ताची प्रयोगशाळेत जुनी रीत होती. उन्हाळी इंटर्ननी बाही वर करायची. तरुण, ठणठणीत, आणि आणायला कुठे जावं लागत नाही. सुई बघूनच फेदीला घेरी यायची. म्हणून दंड कायम सिवारचा.

सफाक्स शहरातल्या इस्पितळाच्या या विभागात पुढच्या वर्षासाठी जागा एकच होती. सुट्टी संपताना मॅडम ज्याचं नाव देतील, त्याची. सिवारला दुसरं काही नको होतं.

पुन्हा.

साखर नवी. पाणी नवं. हातमोजे नवे. बाटली उचलताना श्वास रोखलेला. घरीसुद्धा ती चहाचा पेला इतका हलका ठेवायला लागली, की आई म्हणाली, "अगं, पेला आहे तो, अंडं नाही."

निळं.

गुरुवारी मुन्सिफ आला. केरकेनाच्या बेटावरून, सकाळच्या बोटीने, बहिणीचा दंड धरून. सिवारपेक्षा थोडाच मोठा. बसताना त्याचा एक पाय मागेच राहिला. बहिणीने तो उचलून जागेवर ठेवला.

"काय डॉक्टरीणबाई, माझ्या पेशी काय म्हणतायत?"

"तुमचं सगळं बरोबर येतंय. घोळ माझाच होतोय."

"ऐकलंस?" तो बहिणीला म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा माझं बरोबर आलं. घरी जाऊन सांग."

तो गेल्यावर मॅडमनी सिवारला बाजूला घेतलं. "आज शेवटचं. नाही जमलं तर फेदीचं नाव देईन. वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांचे हात या कामाचे नसतात."

सिवारने बाही वर केली. नर्सबाई जुन्या काळ्यानिळ्या डागांमधून जागा शोधत राहिल्या. फेदी ते बघत होता. एकाएकी येऊन तो शेजारच्या खुर्चीत बसला.

"आज माझं घ्या. हिची नुसती गाळणी झालीय."

"तू पडशील," मॅडम म्हणाल्या.

"पडलो तर जागा तिला द्या." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हात पुढे केला. पडला नाही.

सिवारचं रक्त काढून झालंच होतं. ते टाकून देणं तिच्या जिवावर आलं. तिने तीन बाटल्या लावल्या. मुन्सिफ. फेदी. सिवार. साखर तीच, हात तोच. उन्हाळ्यातल्या अर्ध्या दिवसाच्या वेळेप्रमाणे इमारत दुपारीच रिकामी झाली. दिवे मालवून ती निघाली.

सकाळी.

मुन्सिफची बाटली: निळी.

फेदीची: गोल, काचेसारख्या स्वच्छ, कडेला चमकणाऱ्या पेशी. निळा ठिपका शोधावा लागत होता.

"जमलं," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही म्हणून मोठ्याने म्हणाली, "मॅडम, जमलं."

"बघू, बघू," फेदी मध्ये घुसला. "बघा काय देखण्या आहेत. आईच्या हातच्या माशाच्या कुसकुसवर वाढलेलं रक्त आहे हे."

त्याला कोपराने सारून मॅडम वाकल्या. बराच वेळ पाहिलं. मग या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्या सिवारकडे बघून हसल्या.

"हात बसला गं तुझा. देते तुझं नाव."

सिवारला हसावं की रडावं कळेना. फेदीने टेबलावर ढोल वाजवला.

"आणि ही तिसरी कोणाची?"

"माझी. वाया जायला नको म्हणून लावली."

मॅडमनी तिसरी काच खाली सरकवली. वाकल्या. बाजूचं चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं. काच पुसून पुन्हा लावली.

"फेदी, कॉफी घेऊन ये."

"आत्ता? निदान माझ्या पेशींचा एक फोटो—"

"जा म्हटलं ना."

दार बंद झालं. मॅडम जागच्या हलत नव्हत्या. सिवारने त्यांच्या बाजूने वाकून डोळा लावला. पाहिलं. मुन्सिफची काच पुन्हा लावून पाहिली. मग परत आपली. तेच निळं.

"तिसऱ्या बाटलीपर्यंत माणूस थकतं," मॅडम म्हणाल्या. हा आवाज सिवारने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "हात घसरला असेल तुझा. माझाही घसरतो. आपण दोघी मिळून करू. पुन्हा करू, पोरी."

सिवार सरळ उभी राहिली.

"नाही, मॅडम. पहिल्या दिवसापासून माझा हात बरोबर होता."