धोका फार थोडा

धुळ्यात सीटी स्कॅनचं मशीन नवं नवं आलं होतं. मोठ्या माणसाला देतात तेवढेच किरण लहान लेकरालाही द्यायचे, अशीच तेव्हा रीत होती. डॉ. अमीन शेखांना ते पटत नसे. साक्रीकडून आलेल्या द्रौपदाबाईच्या मुलीसाठी त्यांनी स्वतः बसून हिशेब केला, किरणांची मात्रा निम्म्यावर आणली आणि मशीनजवळच आईला सगळं नीट समजावून सांगितलं.

"अक्का, हे किरण लहान जिवाला जास्त बाधतात. पुढे मोठेपणी त्यातून कॅन्सर होऊ शकतो, हे मी लपवणार नाही. पण धोका फार थोडा. हजारो मुलांत एखाद्यालाच."

द्रौपदाबाई ऐकत होती. तिच्या डोळ्यांत ना पाणी, ना भीती. कडेवरच्या मुलीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. गाठ निघाली म्हणून तो डोळा मुंबईला काढून टाकला होता. आता दुसऱ्या डोळ्यात काही आहे का, ते बघायचं होतं.

"काही विचारायचंय का?" डॉक्टर म्हणाले. इतकं मोकळेपणानं कोणी सांगत नाही, याचं त्यांना मनातून बरं वाटत होतं.

तिनं मुलीला मशीनच्या टेबलावर निजवलं, फ्रॉक सारखा केला आणि कोरड्या आवाजात म्हणाली,

"डोयाना हाऊ आजार बी हजारोमा एखादालेच व्हस, असंच सांगेल व्हतं मुंबईना डॉक्टरसनी."