पुन्हा पहिल्यांदा

‘पानोपानी’ या पुस्तकगप्पांच्या मंचावर दोनच विभाग होते, ‘वाचतोय’ आणि ‘वाचून झालं’. शेवट फुटू नये म्हणून पहिल्या विभागातल्यांना दुसऱ्यात प्रवेश नसे. मंच सांभाळणाऱ्या हेमांगी राजवाडे यांना एके सकाळी वाईहून दामोदर शेवडे यांचा फोन आला.

“ताई, पुन्हा नव्यानं वाचता यावी म्हणून परवा दवाखान्यात जाऊन मी माझी आवडती कादंबरी डोक्यातून पुसून घेतली. आता एक पानही आठवत नाही.”

“अरे वा! मग तुम्हाला ‘वाचतोय’मध्ये हलवते, काका.”

“तिथेच तर अडचण आहे. माझ्या बायकोनं, कुसुमनं, नऊ वर्षांपूर्वी या कादंबरीवर खूप लिहिलंय, ते दुसऱ्या विभागात आहे. ती गेल्या वर्षी गेली. मला तिच्यासोबत वाचायचंय, पण शेवट आधी कळायला नको.”

हेमांगीताईंनी ही अडचण मंचावर मांडली. एका माणसासाठी नवा विभाग काढायचा का, यावर मंडळींनी दोन दिवस वाद घातला. अखेर ताईंनी तो काढलाच. जेवढी पानं वाचून होतील, तेवढ्यांवरच्याच जुन्या गप्पा तिथे उघडत. आठवड्याभरात त्यात चाळीस जण आले.

शेवडे बासष्टाव्या पानावर पोचले, तशी कादंबरीतल्या मामांविषयीची कुसुमताईंची जुनी ओळ उघडली. “अहो, या मामांवर तुमचा विश्वास बसतो का?” तेव्हा त्याखाली कुणीच काही लिहिलं नव्हतं.

हेमांगीताईंच्या डोळ्यांदेखत तिथे उत्तर उमटलं.

“बसतो की! थांब, पुढचं प्रकरण वाचून येतो.”